साहेबांचा फेटा, बजरंगचा पाय

दोष दत्तोपंत सरांचा — तुमच्या वडलांचा, ताई, दुसऱ्या कुणाचा न्हाई. आता तुम्हीच विचारलंत, सरांच्या मोमेंटोवरचं ‘निःपक्षपाती पंच’ वाचून हसलास का म्हणून, तर सांगून टाकलं. न्हाईतर मुकाट कोरून दिलं असतं. मोमेंटोचं दुकान हाय हे, इथं रोज खोटंच कोरायचं असतंय. ‘कार्यसम्राट’ कोरलं, ‘शिक्षणमहर्षी’ कोरलं, गावातला रस्ता खाऊन बसलेल्याला ‘विकासपुरुष’ कोरलं — मशीनला काय, ती काचेवर काय पण कोरती. पण सरांच्या नावाखाली हाच शब्द? बसा. उभ्यानं ऐकण्यासारखं न्हाई ते.

बजरंग म्हणून एक पोरगा होता औशाच्या कॉलेजात. कबड्डीत चढाई करायचा. शेषेरावांचा धाकटा — म्हातारा अजून शर्टाची वरची गुंडी लावूनच बाहेर पडतोय, कोण साहेब भेटला तर बरं म्हणून. तर ह्या बजरंगला बाकी काही येत न्हवतं. अभ्यासाच्या नावानं बोंब, बोलायला गेला की भांडण. पण मैदानात शिरला की समोरच्या सात जणांचं पाणी पाणी. विद्यापीठाच्या संघात त्याचं नाव येणार हे प्रत्येकजण म्हणत होता, आन् ते आलं असतं तर पुढं भरतीला खेळाडू कोट्यात बसता आलं असतं. त्याचं सगळं त्या एका फायनलवर होतं.

फायनल कुठं, तर संस्थाचालक हणमंतराव साहेबांच्या कॉलेजात, त्यांच्याच संघाशी. मंडप, गालिचा, सोफे. आन् त्या वर्षी नवीन कौतुक — व्हिडिओवर फेरतपासणी! टीव्हीवर बघितलेलं ना सगळ्यांनी. मैदानाच्या कडेला एक स्टूल, स्टुलावर महांतेश म्हणून त्यांच्याच कॉलेजचं एक पोरगं, त्याच्या हातात मोबाईल. सकाळी मुख्य पंचांनी, म्हणजे सरांनी, माईकवरून नियम वाचला: व्हिडिओत स्पष्ट दिसलं न्हाई तर आधीचा निर्णय कायम. लई सुरेख वाचला. तुमच्या घराण्यात वाचन चांगलंच असणार.

शेवटची चढाई, गुण बरोबरीत. बजरंग रेषेला हात लावून कपाळाला लावतोय न लावतोय, तोच फाटकात हलगी वाजली — साहेब आले. आता आपल्याकडं साहेब आले की काय होतंय? पंचायतीची सभा असू दे, बारसं असू दे, कॅमेरा साहेबांकडं वळतोय. कुणाला सांगावं लागत न्हाई. महांतेशचा पण वळला. तिकडं साहेबांना फेटा बांधायला लागले, इकडं बजरंग आत घुसला, सहा जणांच्या तोंडासमोर डावा पाय बोनस रेषेच्या पल्याड टाकला, मागचा उचलला आन् आला परत. सरांनी अंगठा वर केला. बोनसचा एक गुण! स्वतः सरांनी, दोन हातांवरून बघून. औशाची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली.

तेवढ्यात सोफ्यावरून साहेब म्हणाले, “सर, जरा मोबाईलमध्ये बघून घ्या ना. मशीन हाय तर वापरा की.” बास. कुणी अपील केलं न्हवतं. यजमानांच्या कर्णधारानं सुद्धा मान खाली घातली होती. पण सर गेले. मोबाईल घेतला, चष्मा वर केला, बघितलं, परत बघितलं. काय होतं त्यात? फेटा. फेट्याचा शेमला, नारळ, साहेबांचे दात. खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर. आन् ते बघून सर माईकवर म्हणाले, “व्हिडिओत पाय रेषेपलीकडे दिसत नाही. गुण रद्द.” आता बघा, खोटं बोलले का? न्हाई! दिसतच न्हवता. त्यात रेषाच न्हवती!

पुढं जादा चढाया झाल्या, औशाच्या पोरांचे पाय गळालेले, हरले. मग सगळे रांगेनं पंचांच्या पाया पडायला. बजरंग गेला, सरांसमोर उभा राहिला — आन् वाकला न्हाई. शिवी दिली न्हाई, हात उचलला न्हाई. नुसता वाकला न्हाई. “संस्कार!” साहेब म्हणाले. सरांनी तिथल्या तिथं विद्यापीठाला अहवाल दिला, पंचाचा अवमान. आन् मग मंडपातून कोण उठून आलं सांगू? शेषेराव. बापच. सरांपेक्षा वयानं मोठा माणूस, सगळ्यांदेखत सरांच्या पायावर डोकं ठेवलं, “लेकराचं चुकलं, सर.” सरांनी पाय मागं घेतले का? न्हाई घेतले. आशीर्वाद दिला! म्हाताऱ्यांचं असंच असतंय ताई, एक जण पाठ वाकवतोय, दुसरा पाय पुढं करतोय, आन् दोघं मिळून पोराला अक्कल शिकवतेत.

तुम्ही साहेबांच्याच कॉलेजात नोकरीला लागलात ना? त्या फायनलनंतरच्याच जूनमध्ये? मुलाखतीला बाकीचे कितीजण होते? — जाऊ द्या, मी आपलं विचारलं. रडायचं काम न्हाई, दुकान हाय हे.

मला त्या फेट्याचं पण काही न्हाई. मला एवढंच आठवतंय, अंगठा वर गेला, पोरं नाचायला लागली, मी खाली बघितलं तर टाचेला रेषा आखायची पांढरी फक्की — म्हणजे त्यानं बघितलं. बजरंगनं. बजरंगच्या टाचेला... 

काय? फक्की लागली म्हणजे पाय रेषेवर पडला? रेषेला शिवला तर बोनस न्हाई? — मैदानभर फक्की असती, कधीची लागली कुणाला माहीत! तुम्ही होतात तिथं? सरांना टाच दिसली का? न्हाई दिसली! सरांना फेटा दिसला, आन् फेट्यावरून फैसला झाला. टाच कुणी बघितलीच न्हाई. बघितली असती आन् न्हाई म्हणाले असते, तर मी... तर तो वाकला असता.

उठा आता. उद्या सकाळी घेऊन जा, ‘निःपक्षपाती’ कोरून ठेवतो, मोठ्या अक्षरात. आन् सरांना सांगू नका कुणी कोरलं ते. त्यांना नाव आठवायचं न्हाई.

बजरंगचं कॉलेज सुटलं. संघात नाव आलं न्हाई. बापाशी तो बोलत न्हाई.