मौनी मठात चारुताई

मंडळी, ऐका! आधी एक विचारतो, खरं खरं सांगायचं. रोज देवासमोर बसता. स्तोत्र म्हणता, भजन म्हणता. इतक्या वर्षांत देव एकदा तरी ‘वा!’ म्हणाला? मान डोलावली? नाही ना! मग आपलं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं, हे कळायचं कसं? आणि कळणारच नसेल, तर म्हणायचं तरी कशाला?

थांबा, थांबा! उत्तर देऊ नका. उत्तरासाठी मी सांगलीच्या चारुशीला वाळिंब्यांना घेऊन आलोय!

चारुताई मोठ्या गायिका. ख्याल गायला बसल्या, की मांडवातला मागचा माणूस पान चघळायचा थांबे! पण एक खोड. दाद हवी! समेवर आल्या की डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणार – आलं का पहिल्या रांगेतून ‘क्या बात है’? आलं, तर पुढची तान दुप्पट. नाही आलं, तर तीच तान पुन्हा. येईपर्यंत पुन्हा! हसता काय? आमटी वाढून ‘कशी झालीये? सांगा ना, कशी झालीये?’ असं तुमच्या घरी कोणी विचारत नाही?

तर अशा चारुताईंना युरोपातून बोलावणं आलं. हॉलंड, जर्मनी, इटली – अख्खा उन्हाळा गाणंच गाणं! तबल्याला गजाभाऊ तारळेकर. देह भरभक्कम, आणि हसू त्याहून भरभक्कम. कार्यक्रम ठरवणारी एलेना, इटलीची मुलगी. काशीत राहून हिंदी शिकलेली, यांना ताई-भाऊ म्हणणारी.

पहिलं गाव हॉलंडमधलं. ताईंनी ठरवला मारवा – मावळतीचा राग! पण सूर्य मावळेल तर ना! जेवायची वेळ झाली तरी खिडकीत लख्ख ऊन! ताई तंबोरा लावता लावता म्हणाल्या, “गजाभाऊ, हा जायचा कधी?”

“ताई, त्याने बहुतेक तिकीट काढलंय आपल्या कार्यक्रमाचं!”

जर्मनीत तंबोऱ्याची काळी लांबलचक पेटी आगगाडीत आडवी ठेवली. समोरच्या म्हाताऱ्याने गंभीरपणे टोपी काढली, मान खाली घातली! गजाभाऊ कळवळून म्हणाले, “अहो, गेला नाही, गातो अजून!” मराठीत! त्याने बिचाऱ्याने यांचाच हात हातात घेतला.

मजा चालली होती, पण ताईंचा चेहरा उतरत चालला. कारण? तिकडचे लोक गाणं चालू असताना हूं का चूं करत नाहीत! चित्रासारखे बसतात. शेवटी उभं राहून टाळ्या वाजवतात, खूप वाजवतात – पण शेवटी! ताई म्हणाल्या, “जेवण झाल्यावर ताटात मीठ वाढून काय उपयोग? यांना कळत नाही हो माझं गाणं. एलेना, इटलीचा हा एक कार्यक्रम करते, पुढचे रद्द कर. मी घरी जाते.”

आणि तो एक कार्यक्रम कुठे? डोंगरावरच्या ख्रिस्ती साध्वींच्या मठात. एलेना चाचरत म्हणाली, “ताई, एक सांगायचं राहिलं. त्यांचं मौनव्रत आहे. बोलत नाहीत. टाळ्यासुद्धा नाहीत.”

टाळ्यासुद्धा नाहीत! मंडळी, उपाशी माणसाला एकादशीचं आमंत्रण!

ताई रागाने लाल. तशाच बसल्या आणि भीमपलास सुरू केला. घे तान! घे बोलतान! गजाभाऊंना घाम फुटला. समोर साध्वी शांत. मठाच्या मोठ्या आई, ऐंशीच्या पुढच्या, डोळे मिटून. ताईंनी पोतडीतलं सगळं काढलं – पोतडी रिकामी झाली! आवाज दमला. आता? आता उरला नुसता सूर. तो त्यांनी हळूच लावला... धरून ठेवला... गोंजारला. तानेची आठवण नाही, रांगेची नाही. सम आली – आणि ताईंनी वर बघितलंच नाही!

गाणं संपलं. साध्वी उठल्या, माना लववल्या, निघून गेल्या.

“गजाभाऊ,” ताई म्हणाल्या, “मी संपले हो.”

जेवायला सगळे एका लांब टेबलाशी. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता! आणि त्या शांततेत गजाभाऊंनी सूप ओढलं – भुर्रर्र! एका साध्वीचे खांदे हलले. शेजारणीने रुमाल तोंडात कोंबला. गजाभाऊ घाबरले, सावकाश ओढायला गेले, तर आणखी लांब – भुर्रर्रर्र! झालं! अख्खं टेबल गदागदा हलायला लागलं, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही! ताईंना हसू आवरेना – त्या तर टेबलाखालीच वाकल्या!

दुसरा दिवस रविवार. आठवड्यातून एकदा तासभर बोलायची मुभा. मोठ्या आई थेट ताईंसमोर आल्या. एलेना अर्थ सांगू लागली.

“बाई, सुरुवातीला तुम्ही कोणावर इतक्या रागावला होतात?”

ताईंनी चमकून वर बघितलं!

“आणि मग राग गेला. मग कोणाची तरी समजूत काढत होतात, लेकराची काढतात तशी. ते कोण होतं?”

ताई म्हणाल्या, “माहीत नाही, आई. तेव्हा मी तुम्हाला सगळ्यांना विसरले होते.”

“छान!” म्हातारी खळखळून हसली. “आम्हीही तुम्हाला विसरलो होतो!”

मग जो कलकलाट उसळला! कोणी तान घेऊन बघतेय, कोणी गजाभाऊंचं ‘भुर्रर्र’ करून दाखवतेय! तास कुठे गेला कळलं नाही.

ताई घरी गेल्या नाहीत. पुढचे सगळे कार्यक्रम केले. एका ठिकाणी समेवर गजाभाऊंच्याच तोंडून निघून गेलं, “वा!” – तर ताईंनी काय म्हणावं? “गप्प बसा हो, लक्ष मोडतं!”

मंडळी, देव गप्प आहे म्हणून तो ऐकत नाही, असं कोणी सांगितलं? आपण रागाने म्हणतो की प्रेमाने, त्याला ओळ न् ओळ कळते! पण आपलं लक्ष कुठे? आरतीत आवाज चढवायचा, तो देवासाठी की शेजारच्या वहिनींसाठी? आज फुलं वाहिलीत, ती त्याला दिसावीत म्हणून की गुरवाला?

चला, आता नाम घेऊ. डोळे मिटा. कोण बघतंय ते बघायचं नाही... अहो नाना, एक डोळा उघडाय तुमचा! मिटा! हं – आता ज्याला ऐकवायचंय, त्यालाच ऐकू जाईल इतकं हळू... रामकृष्णहरी...