पंगतीतले दौलतराव

नाव: भैरू संभाजी खुडे. वय ४९. धंदा: लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात नोकरी. राहणार: शालनबाईंची चाळ, भोसरी. मूळ गाव भूम तालुक्यात.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझ्या शेजारच्या खोलीतले दौलतराव, वय सुमारे साठ, गुरुवारपासून बेपत्ता आहेत. पहाटे मी देवापुढे दिवा लावतो तेव्हा त्यांच्या बादलीचा आवाज येतो. गुरुवारी आला नाही. घरमालकीण शालनबाईंनी दुसऱ्या किल्लीने खोली उघडली. आत फोटो किंवा आधार कार्ड मिळाले नाही. नातेवाईक कोणी माहीत नाहीत.

दुकानात लग्नाचा लांब व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेऊन त्यातले हळद, अक्षता, पंगत असे छोटे तुकडे नावे देऊन वेगळे करणे हे माझे काम. त्यात अनेक लग्नांत मला दौलतराव दिसले. मागे उभे राहून दोन्ही हातांनी अक्षता टाकतात. पंगतीत बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवून हात जोडतात, मगच जेवतात. ओळख पटवायला ही खूण सांगतो.

एका नवरीचे वडील दुकानात व्हिडिओ बघताना म्हणाले, "ह्यो कोन? आमच्या भावकीतला न्हाई. फुकट जेवून गेला, काढा त्याला." दुकानमालक शेखर हसले. "भैरूभाऊ, कापा राव ह्या पाहुण्याला."

मी गिऱ्हाईकाच्या व्हिडिओतून त्यांना काढले. परंतु त्यांचे तुकडे नावे देऊन कॉम्प्युटरवर ठेवले. दुपारी डबा खाताना ते लावत असे. याबाबत दौलतरावांशी कधी बोललो नाही. मधे एकच भिंत असून आम्ही कधी एकत्र जेवलो नाही.

तुकडा म्हणजे वेगळा व्हिडिओ नसून मूळ व्हिडिओवर केलेली खूण असते. मूळ व्हिडिओ पुसला की तुकड्याचे नाव राहते, आत काही दिसत नाही. एका लग्नाचे तसे झाले आहे. 'दौलतराव, बुंदी' एवढे नाव उरले.

जागा भरल्याने शेखर सोमवारी जुनी लग्ने पुसणार आहेत. मी थांबायची विनंती केली. ते म्हणाले, "भाऊ, लोकांच्या घरचे व्हिडिओ आहेत. पोलिसांचं पत्र आणा, मग बघू." दौलतरावांचा चेहरा माझ्या माहितीत दुसरीकडे कुठेही नाही. तरी सोमवारच्या आत पत्र मिळावे.

हवालदार प्राजक्ता मॅडम यांनी हा जबाब मला वाचून दाखवला. 'बेपत्ता इसमाशी नाते' यापुढे 'काही नाही' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'शेजारी' असे लिहिले. आता मजकूर बरोबर आहे, म्हणून सही करतो.

भैरू संभाजी खुडे