गेटवरच्या बदली बायका

माझ्याबरोबर ऑफिसातली मुलगी आहे ना, नावाचीच मराठी, सगळा रस्ता मिठाची गुळणी धरून बसलीय, असं आमचे साहेब मागच्या सीटवरून फोनवर बायकोला सांगत होते आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून कलकत्त्याजवळच्या बजबज गावातल्या गिरणीचं धुराडं जवळ येताना पाहत होते. मला मराठी समजत नाही असंच त्यांना वाटत असावं.

माझा जन्म कलकत्त्याचाच. बाबा बँकेतले, इथे आले ते इथलेच झाले. माझी शाळा इंग्रजी, रस्त्यावर बंगाली, मराठी फक्त घरी, त्यामुळे परक्या माणसाशी बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. काय सांगू तुम्हाला, लोक याला लाजणं म्हणतात. म्हणू देत.

आमचं ऑफिस सरकारी. जिथे लोकांची कामं गेलीत तिथे बंद कारखाना पुन्हा चालू करायला मालकाला मदत देतं, आणि अट ही की तिथल्याच, घरी बसलेल्या लोकांना आधी कामावर घ्यायचं. ही गिरणी तागाची. साहेब नागपूरहून नुकतेच आलेले, तागाचं काम त्यांना नवीन, त्यात त्यांचा दोष नाही.

गेटवर बायका उभ्या होत्या. त्यांतल्या माझ्या ओळखीच्या सबितादी पुढे आल्या, मला बंगालीत म्हणाल्या, दिदीमणी, आमचं काय ते आज विचारा. साहेबांनी मॅनेजरला विचारलं, या कोण. मॅनेजर हिंदीत म्हणाला, या सगळ्या बदली आहेत, साहेब. असं का, साहेब म्हणाले, म्हणजे दुसऱ्या गिरणीतून आलेल्या, मग यांची नोकरी तिकडे असेलच, आपली मदत यांच्यासाठी नाही.

आता आपल्या नोकरदार लोकांत बदली म्हणजे सामान बांधायचं आणि नव्या गावाला जायचं. इथल्या गिरणीत बदली म्हणजे कायम न केलेला कामगार. रोज सकाळी गेटवर यायचं, कोणी आलं नाही तर त्याच्या जागी मशीनवर उभं राहायचं, सगळे आले तर डबा तसाच घेऊन घरी. सबितादींचं अर्धं आयुष्य यात गेलं. मॅनेजरला हे माहीत नव्हतं का, चांगलं माहीत होतं. तो नुसता हसला, म्हणाला, चला साहेब, चहा घेऊ. बाहेरून आणलेली माणसं त्याला स्वस्तात पडणार होती.

सबितादींना हिंदी समजते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

बाबांनी मला नंतर ऐकवलं, साहेबांना बाजूला घेऊन सांगायचं होतंस, चारचौघांत कशाला. पण बाजूला सांगितलं असतं तर मॅनेजर उद्या कानावर हात ठेवायला मोकळा. साहेब आता मला बाहेर कुठे नेत नाहीत, मी टेबलावरच असते, असू दे. सबितादी मशीनवर आहेत, तेही कायम म्हणून. मी कोणाची माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. त्या दिवशी मी मनात वाक्य जुळवत बसलेच नाही, मॅनेजरलाही कळावं म्हणून हिंदीत, गेटवर सगळ्यांसमोर म्हणाले, साहेब, बदली तुमची झाली आहे, या बायका इथल्याच आहेत, काम यांनाच द्यायचं.