सुकापूरला बंद पडणारी मोटार

अरे, जुन्या गाडीची हौस मला सांगू नका! नव्वदच्या सुमाराला पनवेलला माझ्याकडे सासऱ्यांनी दिलेली जुनी मोटार होती. घरून निघालो की जवळच्या सुकापूरला ती हमखास बंद पडायची. मेकॅनिक युसुफभाई दर वेळी म्हणायचे, "साहेब, कार्बोरेटरमध्ये कचरा हाय, दुसरं काय नाय." कार्बोरेटर तीनदा धुतला. मग इंजिन उघडून पिस्टन बाहेर काढले, नव्या रिंगा घातल्या.

त्यानंतर मेहुणीच्या साखरपुड्याला निघालो, तेव्हा खबरदारी म्हणून युसुफभाईंनाच सोबत घेतलं. सुकापूरला गाडी बंद! त्यांनी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. बायको वैतागून शालू सावरत उतरली आणि पेट्रोल तरी आहे का, म्हणून तिने टाकीचं नवं झाकण काढलं. फुस्सकन हवा आत गेली.

"अहो, हवाच आत जात नाही, तर पेट्रोल पुढे येणार कसं? तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना?"

झाकण सैल ठेवलं आणि गाडी सुरू झाली.

"हे बिनभोकाचं झाकण आणलं कुणी?" बायकोने विचारलं.

युसुफभाई सज्जन माणूस. माझं नाव न घेता फक्त माझ्याकडे बघत राहिले.