काडीनं पेटणारं रॉकेट

"फकिराकाका, रशियाचं रॉकेट लाकडाच्या काड्यांनी पेटते, मंग तुमची जीप काहून पेटून नाही राह्यली?"

चारचौघांत रॉकेटचा विषय काढून दाखवायची, ही मैत्रिणींनी लावलेली पैज पायलनं राळेगावच्या स्टँडवर, भरल्या जीपमध्ये जिंकली.

"काड्यांनी? फेकू नको वं पोरी!" पुन्हा किल्ली फिरवत ड्रायव्हर फकिराकाका म्हणाले.

"खरंच! बुडाशी काड्या लावतात. एक जरी नाही पेटली तं उड्डाण रद्द, रॉकेट जागच्या जागी."

"मंग माह्या जीपले कायले नावं ठेवतं? थेबी जागच्या जागीच हाय!"

"पायल, गप बस!" बाबा कावले. "अकरावीच्या फॉर्मची आज आखरी तारीख, अन् तुले रॉकेट सुचून राह्यलं?"

"आर्ट्स घेतलं का उतरते हे भूत," आई म्हणाली.

पायल खाली उतरली, ओढणी कमरेला खोचली.

"आई, बाबा, फॉर्म मी सायन्सचाच भरणार. आता उतरा, धक्का मारा!"