बाविसावं नाव

(ताईंचं स्वयंपाकघर. टेबलावर नोकरी संपल्याचं पत्र, शेजारी प्रोग्रामरचा लॅपटॉप.)

प्रोग्रामर : ...म्हणजे साहेबांनी तुम्हाला काढलंच नव्हतं, ताई. कोणाला ठेवायचं त्यावर त्यांनी तेवीस खुणा केल्या होत्या. तुमच्या नावावरही.

ताई : मग हे पत्र काय हवेतून आलं?

प्रोग्रामर : त्या खुणा लिंकमधून एका लांबलचक ओळीत येतात. माझा कोड ती ओळ फोडून नावं सुटी करतो आणि एकेका खात्याखाली त्याची माणसं, अशी यादी लावतो. वीस झाली की थांबतो. पुढची तीन गळली. गळलेल्यांना आपोआप पत्रं गेली.

ताई : आणि आम्हा तिघींचं तपासणी खातं यादीत सगळ्यात शेवटी.

प्रोग्रामर : हो.

ताई : वीसच्या पुढे नावं गळतात, असं दोनदा लिहून दिलं होतं तुला. काय म्हणाला होतास?

प्रोग्रामर : जाऊ द्या ना, ताई.

ताई : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

प्रोग्रामर : म्हणालो होतो, एवढ्या खुणा कोण करत बसणार आहे? उगाच कीस काढू नका.

ताई : कळलं कधी?

प्रोग्रामर : पत्रं गेली त्याच दुपारी. साहेबांना सांगायला मात्र कालचा दिवस उजाडला.

ताई : नऊ दिवस गिळून बसलास. काय म्हणाले?

प्रोग्रामर : म्हणाले, तिघी नाहीत तर काही अडलंय का? नाही ना, मग राहू दे.

ताई : आणि तू?

प्रोग्रामर : म्हटलं, नाही अडलं.

ताई : मग आज कशाला आलास?

प्रोग्रामर : वीसची मर्यादा शंभर केलीय. नवा कोड उद्या सर्व्हरवर चढवायचाय. तपासायला कोणीच नाही... एकदा नजर टाकाल?

ताई : लाज कुठे ठेवून आलास रे?

प्रोग्रामर : पुढच्या यादीत शेवटी कोण असेल, सांगता येत नाही, ताई.

ताई : ते मला सांगतोस? सरकव तो लॅपटॉप. एकवीस नावं टाकून पाहिलंस?

प्रोग्रामर : नाही.

ताई : वाटलंच. हे घे, तेवीस खुणा. बाविसावं नाव माझंच टाकलंय. उघड यादी. आलं?

प्रोग्रामर : आलं. तुम्हाला ठेवलंय.

ताई : मग बरोबर चालतंय. चढव उद्या. जाताना दार ओढून घे.