आधी बारीक, मग बॅडमिंटन

परवा आमच्या येलहंकाच्या दवाखान्यात काय झालं, ऐका. मी तिथे मुलांची आहारतज्ज्ञ. दहा वर्षांच्या गौरीला घेऊन तिचे अप्पा आले. मी तिला विचारलं, "तुला काय आवडतं गं?"

"बॅडमिंटन. पण अप्पा क्लासला घालत नाहीत."

"आधी स्वल्प बारीक होऊ दे, अक्का," अप्पा म्हणाले. "आत्ता गेली तर पोरं हसतील."

माझं डोकंच फिरलं. "खेळायला बारीक असावं लागत नाही, अण्णा! आणि आम्ही एकट्या पोरीला काही सांगत नाही, अख्ख्या घराला सांगतो. उद्यापासून तुम्हीही तिच्याबरोबर खेळा."

अप्पांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मी? लोक हसतील हो!"

गौरी उठलीच. "मग तुम्ही बारीक होऊन या, अप्पा. मी होते पुढे."